बदली खेळाडू

घणसोलीच्या शाळेत लोकसभेचं मतदान चालू होतं आणि केंद्राध्यक्ष फैसलाबादच्या कसोटीचं समालोचन ऐकत होते. यंदापासून अठराव्या वर्षी मताचा हक्क मिळाला होता. कुंदाचं हे पहिलंच मत. पण पक्षातर्फे तिथे बसलेला चुलता म्हणाला, "तुजा मत कवाच पडला गो, घरा जा." "कोणी टाकलं?" "आपल्याच एका पोरीनं, आपल्याच पक्षाला. मंग चिडतेस कशाला?" केंद्राध्यक्षांनी हात वर केला. "श्श! ओव्हर संपू दे." कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ट्रान्झिस्टर बंद केला. "साहेब, बदली खेळाडू झेल घेतो. फलंदाजी करतो का?" "नाही," ते चाचरले. "मग माझी फलंदाजी दुसरी कशी करते?" आपलं मत आधीच दुसऱ्याने टाकलेलं असेल, तर द्यायची ती वेगळी मतपत्रिका केंद्राध्यक्षांनी काढली. चुलती रांगेतून पुढे आली, नवऱ्याला म्हणाली, "माजा मत तरी हाय, का ते पन टाकलाव?"