पुढचा ब्रेक

शिवशंकरच्या थोरल्या भावाची, भागवतची, जुनी मोटारसायकल भरदिवसा पैठण रोडवर उभ्या ट्रकला धडकली आणि तो जागीच गेला. ब्रेक लागला नसणार, असं चितेगावात जो तो म्हणाला. पुढच्या ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती आवळून धरणारा भाग, नुकतंच शिवशंकरनं स्वतः खोलून, नवे रबरी सील घालून बसवलं होतं.

पोलिसांनी गाडी परत दिली, तशी त्यानं ती आपल्या गॅरेजात घेतली. आपली चूक सापडावी, एवढंच त्याला हवं होतं. पण ब्रेक दाबताच वाकलेलं चाक गच्च धरलं गेलं. तरी त्यानं कॅलिपर खोललं. पिस्टन अलगद सरकत होता, सील जागेवर होते, ऑइलचा थेंबही गळलेला नव्हता.

म्हणजे भागवतनं ब्रेक दाबलाच नव्हता. जाण्याआधीचे काही दिवस तो एवढा गप्प का होता, ते शिवशंकरला आत्ता उमगलं.

त्याची माय चतुराबाई गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. "शिवा, खरं सांग. तुझ्या हातून काही राहिलं व्हतं का रं?"

त्यानं मायकडं पाहिलं.

 

"व्हय, माय. माझ्याच हातून राहिलं."