दुसरा कॅलिपर

"धर," गाडीखालून दशरथ म्हणाला.

"धरलंय," सीटवरून नंदू म्हणाला. ब्रेकवरचा पाय त्याने तसाच दाबून ठेवला. दशरथने पान्याने ब्रेकमधली हवा काढायचा निपल सैल केला. नळीतून बुडबुडे आणि ऑइल बाटलीत उतरलं. निपल पुन्हा आवळून तो म्हणाला, "सोड."

दोघा सख्ख्या भावांत एवढंच बोलणं उरलं होतं. अबोल्यात कामाचे शब्द धरायचे नाहीत, असं कुणी ठरवलं नव्हतं. पण दोघंही ते इमानदारीत पाळत. बाकीचं बायकांमार्फत, नाहीतर गॅरेजच्या भिंतीला सांगायचं. कांजूरमार्गची गिऱ्हाइकं या प्रकाराला हसत, आणि गाडी मात्र यांच्याकडेच टाकत.

कारण होतं वडिलांचं, अण्णांचं. अण्णा शेवटच्या घटका मोजतायत असा गावाहून निरोप आला, तेव्हा गॅरेजात एका टॅक्सीचे ब्रेक उघडून ठेवले होते. नंदू म्हणाला, आहे तसं टाकून निघू. दशरथ म्हणाला, ब्रेक उघडे टाकून जायचं नाही, कुणी गाडी बाहेर काढली तर मरेल. काम पुरं करूनच दोघं निघाले. गावात पोचले तेव्हा चिता विझली होती. अग्नी चुलतभावाने दिला होता. त्या दिवसापासून नंदूने दशरथला दादा म्हणून हाक मारली नाही.

आणि काल संध्याकाळी शेजारच्या वाण्याकडे फोन आला. आईचं काही खरं नाही, लवकर या. मुलुंडच्या एका गिऱ्हाइकाची मोटार ब्रेकच्या कामाला आलेली होती. तो भला माणूस म्हणाला, "हीच घेऊन जा, पण घाटाचा रस्ता आहे, ब्रेक करून जा." पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर झिजले होते. चाकाची तबकडी चिमटीत घट्ट धरायची त्यांच्यात ताकद उरली नव्हती. नवे कॅलिपर आणून ठेवलेले होतेच.

सकाळी काम सुरू करायच्या आधी नंदू वाण्याकडे जाऊन फोन करून आला. बराच वेळ लागला त्याला. दशरथने भिंतीकडे बघत विचारलं, "काय म्हणाले?" नंदूने नुसती मान हलवली. लाइन मिळाली नसणार. गावच्या ट्रंक कॉलचं ते नेहमीचंच होतं.

डावं चाक झालं. दशरथने हात पुसले. एकाच बाजूला नवा कॅलिपर असला की ब्रेक मारताना गाडी ओढते, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण तिकडे आई वाट बघत होती.

"एवढ्यावर जाऊ," तो भिंतीला म्हणाला. "हळू चालवीन मी. उजवं परत आल्यावर बघू."

नंदू उतरला. त्याने उजव्या बाजूला जॅक लावला, चाक काढलं आणि दुसरा कॅलिपर उचलून दशरथच्या हातात ठेवला.

दशरथच्या मनात आलं, म्हणजे हे असं आहे तर. तेव्हा मी याला थांबवलं, आज हा मला थांबवतोय. वाईट वाटलं, पण आपण याच लायकीचे आहोत असंही वाटलं. तो गाडीखाली गेला. नंदूने प्रत्येक बोल्ट स्वतः आवळून पाहिला. मग सीटवर बसून पुन्हा दाब, धर, सोड. बाटलीत आता एकही बुडबुडा येत नव्हता.

"पुन्हा," नंदू म्हणाला.

दशरथने पाना खाली टाकला आणि बाहेर आला. भिंतीकडे न बघता, सरळ भावाच्या तोंडाकडे बघून बोलला.

"किती सूड घेशील रे नंद्या? अण्णांचं माझं चुकलं. हवं तर जन्मभर बोलू नकोस. पण आईला एकदा भेटू दे मला."

नंदूचा पाय ब्रेकवरच होता. तो समोरच्या काचेकडे बघत राहिला.

"फोन लागला होता सकाळी, दादा," तो म्हणाला. "आई पहाटेच गेली."

दशरथने गाडीचं दार धरलं.

"आपण पोचेपर्यंत उचलणार नाहीत, कबूल करून घेतलंय मी त्यांच्याकडून. अग्नी आपणच द्यायचा. तुला आधी सांगितलं असतं, तर तुझा हात चालला नसता ना." नंदूने डोळे बाहीला पुसले. "खाली जा. अजून एकदा बघून घे. अण्णा गेले, आई गेली. घाटात तुला नाही घालवायचं मला."