तारेतलं इंग्रजी

केरू गोताड फार मोठा माणूस होता. वाडीला हे सोमवारी सकाळी दहा वाजता कळलं. त्याआधीची चव्वेचाळीस वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तार गुरुजींच्या हातात होती. "केरू सिरियस स्टार्ट इमिजिएटली," त्यांनी वाचलं. ते 'स्टार्ट'पर्यंत पोचायच्या आतच बायकांनी गळा काढला.

केरूची बायको हौसा खळ्यावर भात झोडत होती. ती तशीच धावत आली. केसांत पेंढ्याच्या काड्या होत्या.

"गुरुजी, शिर्यस म्हंजे काय ओ?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे... प्रकृती चिंताजनक आहे."

"म्हंजे जित्ते हायत?"

गुरुजींनी रावजीकडे पाहिलं. रावजी केरूचा थोरला चुलतभाऊ. भावकीत शेवटचा शब्द त्याचा. त्याने जमिनीकडे पाहिलं.

वाडीतली निम्मी माणसं मुंबईत असत आणि मरत तीही बहुधा तिथेच. पण 'मेला' अशी तार कधी येत नसे. घरच्यांच्या काळजाला धक्का बसू नये म्हणून मुंबईला गावकीच्या खोलीत राहणारी मंडळी 'सिरियस' लिहीत. रावजीचा बापही असाच सिरियस झाला होता, जळून दोन दिवस झाल्यावर. सिरियस म्हणजे गेला. एवढं इंग्रजी वाडीत शेंबड्या पोरालाही येत होतं. त्या शब्दाचा दुसरा अर्थ एकट्या गुरुजींना ठाऊक होता, आणि त्यांच्या शिक्षणाला वाडीत मुळातच फारसा मान नव्हता.

"म्या जातय," हौसा म्हणाली. "पालीला साडेपाचची मुंबय गाडी गावंल."

"जाऊन काय बगशील गो?" रावजी म्हणाला. "दुपारपतूर नेतील त्येला. तू पोचशील तवा राख पन गार झालेली आसंल. आता घराला सुतक. उंबऱ्याभायर पाय टाकायचा नाय."

"जाऊन यायला तशी हरकत..." गुरुजींनी सुरुवात केली.

"गुरुजी, तुमी पुस्तकातला बोलताव."

गुरुजींनी तारेची घडी घातली. अकराच्या सुमारास रावजीच्या बायकोने हौसाच्या बांगड्या फोडल्या.

मग माणसं ओटीवर बसली आणि केरूची आठवण काढू लागली. केरू बावीस वर्षं गोदीत ओझी वाहत होता. गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचा, तो विश्रांतीला म्हणून. आल्या दिवसापासून कुणाचा दगडी गडगा रच, कुणाची कौलं परत. त्याला 'नको' म्हणता येत नसे. शिमग्यातल्या नमनाच्या खेळात तो मावशी व्हायचा. लुगडं नेसून मिशीवर पदर घेतला की म्हातारेकोतारे दम लागेपर्यंत हसायचे. एकदा तर खुद्द गणपती झालेल्या गड्याला हसू आवरेना आणि सोंड गळून पडली.

त्याची पत्रं गुरुजीच हौसाला वाचून दाखवत. केरूला ते माहीत होतं. पत्राच्या मध्येच तो लिहायचा, 'गुरुजींनी इथे थांबून पाणी प्यावे, पुढला मजकूर त्यांच्या वयाला झेपणार नाही.' पुढे मजकूर असायचा तो शेणखताचा. गुरुजी मात्र दर वेळी खरंच थांबत.

हे सांगताना गुरुजी हसले आणि लगेच ओशाळले. रावजी केरूशी चार वर्षं आंब्याच्या एका कलमावरून बोलत नव्हता. आज सगळ्यांत जास्त तोच बोलला. "आसा मानूस पुन्हा व्हनार नाय," असं त्याने संध्याकाळपर्यंत सहा वेळा सांगितलं.

हौसा दाराआड बसून ऐकत होती. आधी तिला वाटत होतं, आपण उठावं आणि चालू लागावं. मग साडेपाच वाजून गेले. पालीचा रस्ता वाडीपासून तीन मैल; गाडीचा आवाज काही येत नाही. मंगळवारी कुणीतरी केरूचा मावशीचा आवाज काढून दाखवला, तेव्हा तिला पहिल्यांदा रडू आलं. बुधवारी शेजारणीशी बोलताना ती 'ते व्हते तवा' म्हणाली. तोंडाला वळण पडायला दोन दिवस लागले.

दहावं पुढल्या बुधवारी धरलं. रावजीने सगळ्या पाहुण्यांना पत्रं टाकली.

शनिवारी सकाळी गावकीच्या खोलीतला शिवा आला. हातात फडक्यात बांधलेलं अस्थींचं मडकं होतं. ते त्याने अंगणातल्या पेरूला टांगलं आणि घरात न जाता तिथेच उभा राहिला.

"तार गावली नाय काय तुमाला?"

"गावली ना," रावजी म्हणाला. "सोमवारी."

"मंग आला का नाय कोन?"

"कशाला येवचा? शिर्यस लिवलंस ना तू?"

"शिर्यसच व्हता!"

"मंग तसा लिवायचा!"

"तसाच तर लिवला!"

मग शिवाने सांगितलं. गोदीत पायावर पेटी पडली होती. डॉक्टर म्हणत होते, पाय काढला तर माणूस राहील. केरू ऐकेना. "येक पाय हौसाचा हाय, तिला इचारल्याबिगर कसा देव?" असं म्हणून त्याने आख्खा वॉर्ड हसवला. तार केली आहे, आज नाही तर उद्या येईलच, म्हणून सगळे थांबले. तोवर विष वर चढलं.

"बोलत व्हते?" हौसाने दारातून विचारलं.

"शेवटपतूर, वयनी. रोज इचारायचा, मुंबय गाडी आली काय."

शिवाने खिशातून दवाखान्याचा कागद काढून गुरुजींकडे दिला. गुरुजींनी तो दोनदा वाचला आणि वार मोठ्याने सांगितला. गुरुवार.

रावजीने बोटं मोजली. मोजताना चुकला म्हणून पुन्हा मोजली.

दहावं बुधवारचं पुढल्या शनिवारावर गेलं. पाहुण्यांना पुन्हा पत्रं टाकावी लागली.