बिनआवाजाची टाकी

धाकट्याने कपाटाच्या दाराला कान लावला आणि श्वास रोखून धरला. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. वर टाकीतल्या खाऱ्या पाण्यात मासे फिरत होते, खाली कपाटात पाणी गाळलं जात होतं, आणि आवाज म्हणाल तर शून्य. तो स्वतःशीच हसला. आता बसा म्हणावं दादाला बोंबलत!

"झालं का ऐकून?" बायको म्हणाली. "बाबा जिना चढतायत. उठा, गुडघे झटका."

आई गेल्यापासून बाबा थोरल्याकडे राहत होते. धाकट्याकडे यायचे ते पाहुण्यासारखे, चहा घेऊन निघायचे. "राहा की आजची रात्र," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "नको रे, तिकडे झोप लागते." तिकडे म्हणजे थोरल्याच्या हॉलमध्ये, माशांच्या टाकीसमोरच्या आरामखुर्चीत. दुपारी बाबा तिथे टेकायचे आणि बसल्या बसल्या घोरायला लागायचे. वर थोरला फोन करून ते सांगायचा. "अरे, बाबांना टाकी इतकी आवडलीय म्हणून सांगू!" धाकट्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तसा हा जळफळाट जुनाच. लहानपणी बाबांच्या सायकलवर थोरला पुढे दांडीवर बसायचा आणि धाकटा मागे कॅरिअरवर. वाटेतल्या सगळ्या गोष्टी, सगळे विनोद दांडीवरच्याला. कॅरिअरवरच्याला नुसती पाठ.

टाकीच हवी ना? घ्या टाकी! पण दुकानातून उचलून आणलेली नव्हे. थोरल्याची टाकी दिसायला देखणी होती, पण पाणी खालच्या गाळणीत उतरताना पाइप हवा गिळायचा आणि सारखी गुडगुड चालायची, पोट बिघडल्यासारखी. धाकट्याने पहिल्याच भेटीत ते हेरलं होतं. दादाच्या वैभवात खोट सापडली एकदाची, म्हणून त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला होता.

धाकटा काचेच्या खिडक्या बसवायचा. उरल्यासुरल्या काचा जोडून त्याने कपाटात मावेल असा सम्प बनवला. सम्प म्हणजे मोठ्या टाकीखाली लपवलेली धाकटी टाकी. सगळं घाणेरडं काम तिच्या गळ्यात, आणि लोक कौतुक करणार वरचीचं. हे धाकट्याला फार पटलं होतं. पहिल्या कप्प्यात गाळ अडवायला कापडी पिशवी, मधल्यात फेस काढणारं नळकांडं, शेवटच्यात पाणी परत वर ढकलणारी मोटर. मोटरीखाली स्पंजची गादी. आणि उतरत्या पाइपला एक कॉक. खरी करामत त्या कॉकची. केसभर जास्त उघडला की पाइप हवा गिळणार आणि गुडगुड सुरू. केसभर कमी उघडला की जादाचं पाणी दुसऱ्या पाइपातून खळखळणार. रविवारचे रविवार तो तिथे उताणा पडून कॉक फिरवत राहिला.

"मासे पाळताय की दादांना जाळताय?" बायकोने विचारलं होतं.

"दोन्ही."

आता थोरला सहकुटुंब बाहेरगावी गेला होता आणि बाबा आठवडाभर इकडे राहणार होते. या आठवड्यात त्यांना इथे झोप लागली की संपलं, कशाला जातात ते परत? टाकीसमोर आरामखुर्चीही आणून ठेवली होती, अगदी तिकडच्यासारखीच.

बाबांनी टाकी डोळे भरून पाहिली. कपाट उघडायला लावून सम्पही पाहिला. "छान केलंयस रे. हातात कसब आहे तुझ्या." धाकट्याला आकाश ठेंगणं झालं. जेवण झाल्यावर बाबा खुर्चीत टेकले, त्यांनी डोळे मिटले. धाकटा मोबाइल घेऊन टपून बसला. पहिलं घोरणं आलं की फोटो काढून दादाला पाठवायचा होता.

बाबांनी दचकून डोळे उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा दचकले. मग उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तेच. खुर्ची हलवून झाली, पडदे ओढून झाले, बायकोने कुकरसुद्धा लावायचा थांबवला. सगळं घर चवड्यांवर चालू लागलं. तरी बाबांचे डोळे लालच. शेवटी एका दुपारी त्यांनी हळूच विचारलं, "दादा कधी येतोय रे?"

धाकट्याचा बांध फुटला. "बाबा, खरं सांगा. दादाकडे असं काय आहे, जे माझ्याकडे नाही? तोच लाडका आहे, म्हणून टाका एकदाचं!"

"लाडका कसला?" बाबा कपाटाकडे बघत राहिले. "तुझी टाकी वाजत नाही रे."

"वाजू नये म्हणून तर जिवाचं रान केलं मी!"

"ते दिसतंय मला." बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुझ्या आईच्या उशाशी शेवटी ते ऑक्सिजनचं मशीन होतं बघ. त्याच्या बाटलीत रात्रंदिवस पाणी गुडगुडायचं. ती गुडगुड कानावर पडत असली की मी निर्धास्त झोपायचो. दादाकडे अजून तशीच झोप लागते." त्यांनी चष्मा परत चढवला. "इथे डोळा लागतो न लागतो, तोच वाटतं, थांबली."