एका हाताचा चाकू

"एका हातानं उघडणारा पायजे," बद्रीनाथनं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा नूरमोहम्मदचाचांनी चाकूंची पेटी सरळ आपल्याकडं ओढून घेतली.

शहागंजातलं हे दुकान म्हणजे काय, तर एक अरुंद ओटा. मागं अडकित्ते, कात्र्या, वस्तरे, आणि पुढ्यात लाकडी पेटीत घडीचे चाकू. चाचांनी आतापर्यंत सात-आठ दाखवले होते. शिंगाच्या मुठीचा, पितळी मुठीचा, काळ्या प्लास्टिकचा. सगळे दोन हातांनी उघडायचे. एका हातानं मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख पात्याच्या खाचेत घालून ओढायचं. आजवर हजारो गिऱ्हाइकांनी तसेच नेले. आणि हा गडी उजवा हात खिशातून काढायला तयार नाही, वर म्हणतो एका हातानं उघडणारा द्या! आता बोला.

"एका हातानं चाकू कोन उघडतंय, म्हाईत हाय का?" चाचा म्हणाले. "ज्याच्या दुसऱ्या हातात कुनाची तरी कॉलर असती, तो. खटक्याचे चाकू मी ठेवत नाय. पोलीस माल उचलतात, वरून मला बी उचलतात. चला, आगे बढो."

बद्रीनाथ जागचा हलला नाही. उद्या सकाळी आठला वाळूजच्या गोदामात हजर व्हायचं होतं, खोक्यांच्या पट्ट्या कापायच्या कामावर. ठेकेदार काकासाहेबानं फोनवरच ठरवलं होतं. चाकू आपापला आणायचा, तोही घडीचाच, उघडी सुरी गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही. काकासाहेबानं हाताचं विचारलं नव्हतं आणि यानंही सांगितलं नव्हतं. दोन वर्षं दारोदार फिरल्यावर हे एवढं एक काम चालून आलं होतं. हे गेलं तर पुढं काय, याचा विचार करणंही त्यानं सोडून दिलं होतं. पुढं काही नव्हतंच.

"बरं, तो काळ्या मुठीचा बघू द्या," तो म्हणाला. सगळ्यात स्वस्त तोच होता, शंभराला.

चाचांनी नाइलाजानं दिला. बद्रीनाथनं डाव्या हाताच्या अंगठ्यानं पातं रेटलं. हलेना. खाच नखाला लागायची आणि निसटायची. आणखी रेटलं, नख दुखून आलं, पातं जिथल्या तिथं. मग मागचापुढचा विचार न करता त्यानं चाकू तोंडाशी नेला आणि पातं दातात धरलं.

"अरे ठैरो! व्हट फाटंल की!" चाचांनी त्याचं मनगट धरलं. चाकू सुटला, आणि तो झेलायला बद्रीनाथचा उजवा हात सवयीनं खिशातून बाहेर आला.

त्या हाताला बोटंच नव्हती. पाचातलं एकही नव्हतं. चाकू तळहाताला लागून खाली पडला.

चाचा खाली वाकले. त्यांनी चाकू उचलला, उगाच पुसला.

"कंपनीत गेली?"

"पत्रा दाबायची प्रेस." बद्रीनाथनं हात पुन्हा खिशात घातला. "दोन बटनं होती, चाचा. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याबिगर प्रेस खाली येतच नव्हती. हात आत ऱ्हाऊ नये म्हनून. पन तशानं टार्गेट व्हईना. मंग एका बटनात काडीपेटीची काडी खोचायची. म्हंजी एका हातानं दाबायचं अन् दुसऱ्यानं पत्रा सरकवायचा. सगळेच खोचायचे."

"तुमच्या प्रेसवर कुनी खोचली?"

"मीच."

चाचा उठले. पेटीच्या तळातून कागदात गुंडाळलेला एक चाकू काढून त्यांनी त्याच्या डाव्या हातात ठेवला. "अंगठ्यानं सरकवा. खुंटी हाय बघा तितं. उघडला की लॉक बसतंय. बोटावर मिटायचा नाय."

बद्रीनाथनं अंगठा लावला. खट! पातं उघडून बसलं. त्याला खरंच वाटेना. लॉक दाबून मांडीवर टेकवून मिटवला, पुन्हा खट. चार-पाच वेळा उघडला-मिटवला त्यानं. दोन वर्षांत एखादी वस्तू पहिल्यांदाच त्याचं ऐकत होती. जीव हरखून गेला त्याचा.

"केवढ्याला?"

"साडेआठशे. तुम्ही सहाशे द्या. मला तेवढ्यालाच पडलाय, कसम से."

बद्रीनाथच्या खिशात दीडशे होते, त्यातच उद्याचं बसभाडं. त्यानं चाकू मिटवला, कागदात गुंडाळायचा प्रयत्न केला. एका हातानं तेही जमेना. चाचांनीच गुंडाळला.

"तो काळाच द्या," तो म्हणाला. "पात्याचा खिळा ढिला करून. मंग झटक्यानं उघडंल ना?"

"उघडंल. पन मिटंल बी. टोकावर जोर आला की थेट बोटावर येईल. खिळा घट्ट हाय म्हनून तर बोटं वाचतात, भाऊ."

"करा ढिला."

"अहो, आता एकच हात..." चाचांनी पुढचं गिळलं.

"जपून वापरीन."

चाचांनी मूठ आणि पात्यामधल्या फटीत छिन्नीची कोर घातली आणि हलक्या हातानं ठोकलं. एकदा, दोनदा, मग थांबून तिसऱ्यांदा. बद्रीनाथनं चाकू घेतला, मनगटाला झटका दिला. पातं बाहेर आलं. मिटवून पुन्हा झटका दिला, पुन्हा आलं. ओट्याखाली एक रिकामं खोकं पडलं होतं. त्यानं वाकून पात्याचं टोक त्यात खुपसलं, तसं पातं गर्रकन मागं फिरलं. पहिल्या बोटावर रेघ उमटली आणि तीतून रक्त आलं.

"ठेवा तो हितंच," चाचा कळवळून म्हणाले. "पैसे नको मला. पन ठेवा तो."

बद्रीनाथनं बोट तोंडात घालून चोखलं. मग चाकू मांडीवर दाबून मिटवला, खिशात टाकला आणि शंभराची नोट ओट्यावर ठेवली.

"उघडतोय ना, चाचा," तो म्हणाला. "बास झालं."