मॅडमची शिफारस

बाहेरचं दार उघडेना, म्हणून ताईनं मागं वळून आतलं दार ओढून पाहिलं. तेही उघडेना. विषाणूंच्या लॅबमधून बाहेर पडायला अशी दोन दारं होती. एक घट्ट लागल्याशिवाय दुसरं सुटायचं नाही, म्हणजे आतली हवा बाहेर जायला नको. आज दोन्ही दारांनी एकदमच हट्ट धरला होता, आणि मधल्या कपाटाएवढ्या खोलीत ताई आणि मॅडम अडकून पडल्या होत्या.

भिंतीवर एक लाल बटण होतं. ते दाबलं की दोन्ही दारं सुटायची, पण मग सगळ्या लॅबला धुरी द्यावी लागायची आणि आत वाढवलेल्या पेशी हकनाक मरायच्या. "त्याला हात लावू नकोस," मॅडम म्हणाल्या. ताईनं तो लावलाच नसता. भिंतीतल्या फोनवर दुरुस्तीवाला म्हणाला, वायरिंगचा घोळ दिसतोय, येतोच, जरा दम धरा. मॅडमनी सरळ जमिनीवर फतकल मारली. ताई उभीच राहिली.

लॅबमधली सगळी पोरं तिला ताई म्हणायची. तिनं ज्यांना पिपेट धरायला शिकवलं, ती डॉक्टरेटला गेली, डॉक्टर होऊन भेटूनही गेली. ताई जागच्या जागी. विषाणू आणि रोगप्रतिकारशक्तीच्या डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमांना तिनं याआधीही अर्ज केले होते. गाडी मुलाखतीपर्यंत जायची आणि तिथंच अडायची. यंदाची मुदत आज संपत होती. बाकी सगळं गेलं होतं. फक्त मॅडमची शिफारस पोचायची होती. सकाळपासून ती मॅडम एकट्या सापडायची वाट बघत होती. आता सापडल्या होत्या.

"मॅडम, माझी शिफारस..."

"जाईल गं. तयारच आहे. तारीख बदलायची आणि पाठवायची."

त्यात काय लिहिलेलं असतं, हे तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. मॅडमना त्यात लपवण्यासारखं काहीच वाटलं नाही. त्यांना ते तोंडपाठ होतं. हात सोन्यासारखे आहेत, सांगाल ते चोख करते, सुटी घेत नाही, कुरकुर करत नाही, हिच्यावाचून माझी लॅब चालायची नाही.

"मी विचार करते, असं आहे का त्यात कुठं?"

मॅडमनी खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, "तू माझ्याशी कधी वाद घातलायस? एकदा तरी? नसलेलं मी कसं लिहू?"

ताईला मागच्या मुलाखतीतल्या बाई आठवल्या. तुमचा स्वतःचा प्रश्न कोणता, असं त्यांनी विचारलं होतं. तिनं मॅडमचा प्रश्न इतका छान समजावून सांगितला होता, की बाई मान डोलवत राहिल्या. त्यानंतर गोड शब्दांत नकार आला होता.

वाद तर तिच्याकडे होता. फ्रीजरच्या तळाच्या कप्प्यात कितीतरी महिने गोठवून ठेवलेला होता.

एक विशिष्ट प्रथिन वापरून विषाणू पेशीला गुंगी देतो आणि मग पेशीला धोक्याची घंटा वाजवण्याची शुद्धच राहत नाही, असं मॅडमचं म्हणणं होतं. त्यावर त्यांचं सगळं नाव उभं होतं. ताईनं ते प्रथिन काढून टाकलेला विषाणू घेतला, पेशींवर सोडला. तरीही पेशी गप्पच. आपलंच काही चुकलं असणार, म्हणून ताज्या पेशी घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच. हे सगळं ती आता उभ्यानं, दाराच्या मुठीकडे बघत, सांगत गेली.

सांगून झालं. आता आपलं सगळं संपलं, असं तिला वाटलं.

मग मॅडमनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पेशी कुठल्या होत्या, मिसळामिसळ झाली नव्हती ना, तुलनेला काय ठेवलं होतं. ताई उत्तरं देत गेली. एका उत्तरावर मॅडम अडून बसल्या, तर तिनं त्यांना चक्क खोडून काढलं. बोलता बोलता आपणही जमिनीवर बसलो आहोत, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"मग गुंगी देतंय कोण?"

"तेच तर मला शोधायचंय."

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"शिफारस तुमचीच हवी होती ना, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसून झाल्यावरही हातातच धरून ठेवला. त्यांना राग आला होता की वाईट वाटलं होतं, ते ताईला कळेना. तेवढ्यात कुलपात खटका वाजला आणि दुरुस्तीवाल्यानं बाहेरचं दार ओढलं.

मॅडम उठल्या. चेहरा एकदम तरतरीत झाला होता. हे सगळं मुळापासून करायला हवं, त्या म्हणाल्या, दोघींनी मिळून. हे दुसऱ्या कुणाच्या हाती देण्यासारखं कामच नाही. पुढचं वर्षभर त्यांना दुसरं काही नको होतं.

"आणि शिफारस?" ताईनं विचारलं.

"अगं, आता कसली शिफारस? आता तर तुला सोडणं शक्यच नाही."

बक्षीस द्यावं तसं, मायेनं म्हणाल्या त्या. मग बाहेर पडल्या, दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि ताई अजून आतच बसलीय असं पाहून त्यांनी हाक मारली.

"ये ना. दार धरून ठेवलंय मी तुझ्यासाठी."