ठमाबाईंचं पहिलं पाऊल

“खबरदार दाराबाहेर गेलीस तर!” मावशींनी स्वयंपाकवालीचा दंड घट्ट धरला.

“अहो, पण पोर चालली! पेटीपासून थेट टबापर्यंत! तिच्या आईला कळवायला नको?”

“नको. पहिलं पाऊल आईनंच बघायचं. आपल्या पाळणाघराचा नियम आहे तो.”

स्वयंपाकवाली नवी होती. तिला हा नियम म्हणजे शुद्ध येडेपणा वाटला. मग मावशींनी तिला समजावलं. या वस्तीतल्या आया उजाडायच्या आत कामाला जातात आणि दिवेलागणीला परततात. पोरांचे पहिले दात, पहिले बोल, सगळं या पत्र्याच्या खोलीत होतं. आईच्या वाट्याला येतं ते पेंगुळलेलं पोर. म्हणून असं काही दिसलं की मावशी तोंडाला कुलूप लावायच्या. पुढं कधीतरी आईला ते घरी दिसायचं, ती धावत सांगायला यायची, आणि मावशी डोळे एवढाले करून म्हणायच्या, “काय सांगतेस!” या कामात बाई अगदी मुरलेली होती.

पण या खेपेला प्रकरण सोपं नव्हतं.

ठमी दोन वर्षांची होत आली होती. खरं नाव वेगळं. पण ठेवावी तिथं ठाण मांडून बसायची, म्हणून सगळे ठमाबाई म्हणायचे. अंगावर मांस नाही, पायात जोर नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पोटात पुरेसं जात नाही आणि दिवसभर कडेवर, नाहीतर झोळीत. म्हणून पोर मागे पडलीय. खायला घाला, पायांवर उभी करा आणि महिनाअखेरीला पुन्हा दाखवा.

ठमीची आई कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करायची. घरी सासूनं तिला ठणकावलं होतं, “महिनाअखेरीपर्यंत पोर चालली नाही तर नोकरी सोडून घरी बस. परक्याच्या हाती पोर वाढत नसतं.”

आता नोकरी सुटली तर पोरीच्या तोंडात अंडं कुठून पडणार? मावशींनी कंबर कसली. रोज दुपारी बाकीची पोरं झोपली की टब उपडा घालायचा, त्यावर केळ्याचे काप मांडायचे आणि ठमीला धरून उभी करायची. ठमी भोकाड पसरायची. मावशी गाणं म्हणायच्या, तेही इतकं बेसूर की झोपलेली पोरं उठून बसायची. मावशींचे स्वतःचे गुडघे ठणकत होते, पण बाईनं एक दुपार सोडली नाही. अशी माणसं वस्तीत आहेत म्हणून वस्ती उभी आहे, दुसरं काय!

आणि आज ठमी चालली होती.

संध्याकाळी आई दारात दिसताच मावशींनी लगबगीनं ठमीला भिंतीशी उभी केली. पण आईनं झडप घालून तिला उचललंच.

“आज काही?” तिनं विचारलं.

“नाही गं. हळूहळू होईल.”

आईचा चेहरा उतरला. “होईल, मावशी. तुम्ही एवढं करताय, होणारच.”

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आई दारातूनच हात पसरून यायची आणि पोरीचे पाय जमिनीला टेकूच द्यायची नाही. नोकरीचं तर बोलणंच बंद.

“सासूबाई काय म्हणतात?” मावशींनी एकदा विचारलं.

“काही नाही. तुम्ही नका काळजी करू,” आई खाली बघत म्हणाली.

ती गेल्यावर मावशी मटकन बसल्या. “हाय खाल्ली हिनं. नोकरी सोडायची ठरलेली दिसतेय.”

“मग सांगून टाका ना! नियम गेला चुलीत!” स्वयंपाकवाली कडाडली.

मावशींचा जीव नुसता वर-खाली होत होता. सांगावं तर त्या माउलीच्या आयुष्यातला एकुलता एक क्षण हिरावून घ्यायचा. न सांगावं तर तिची नोकरी जायची. “उद्या बघते,” त्या म्हणाल्या. “नाहीच जमलं तर सांगते.”

दुसरा दिवस म्हणजे मुदतीची शेवटची संध्याकाळ, त्यापुढच्या सकाळी दवाखाना. आई येताच मावशींनी तिला दारातच अडवलं. “उचलायचं नाही. तिथंच खाली बस.”

आई गडबडली, पण बसली. मावशींनी ठमीला खोलीच्या मधोमध उभी केली आणि आपण मागे सरकल्या. “जा गं, आईकडे जा.”

“मावशीकडे जा गं, मावशीकडे,” आई म्हणाली.

“अगं, आईकडे!”

“मावशीकडे, सोन्या!”

ठमाबाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि डुलत डुलत निघाल्या त्या तिसरीकडेच. कोपऱ्यात स्वयंपाकवाली केळं सोलत होती.

“चालली!” दोघी एकदमच ओरडल्या. पण पोरीकडे कमी आणि एकमेकींच्या तोंडाकडेच जास्त बघत होत्या. मग आईनं मावशींच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. मावशी नाटक करायला निघाल्या होत्या, पण त्यांचंही रडू खरंच निघालं.

आई ठमीला घेऊन घरी पोचली तेव्हा सासू उंबऱ्यातच वाट बघत बसली होती.

“काय गं, बघितलं का एकदाचं त्या बाईनं?”

“बघितलं. अशा रडल्या, अहो आई, की काय सांगू!”

“सुटले बाई! तोंड दाबून दाबून जीव गेला माझा. पोर इतके दिवस खाटेपासून दारापर्यंत फेऱ्या मारतेय आणि म्हणे कुणाला सांगायचं नाही!”

“कसं सांगणार? तिथं पहिलं पाऊल माझ्याकडे पडू नये म्हणून मी तर तिला दारातच उचलायचे,” आई म्हणाली. “तिला पायांवर उभी केली मावशींनी. मग पहिलं पाऊल त्यांनीच बघायला नको?”